२३ मे : ‘एफटीआयआय’च्या लघुपटाला कानचा मान

२०२४ : कान चित्रपट महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात पुण्याच्या ‘एफटीआयआय’ने बाजी मारली. डॉक्टरकी शिकून दिग्दर्शनाकडे वळलेल्या चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला १५ हजार युरोंचा पहिला पुरस्कार मिळाला. म्हातारी गावातला कोंबडा पळवते आणि सूर्य उगवेनासाच होतो, ही लोककथा त्यात १६ मिनिटांत रंगवली आहे. टेलिव्हिजन विभागातील एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा हा वर्षअखेरचा प्रकल्प. चित्रीकरण अवघ्या चार दिवसांत उरकले. ५५५ चित्रपटशाळांच्या २,२६३ प्रवेशिकांतून १८ लघुपट स्पर्धेत उतरले होते. २०२० मध्ये याच संस्थेच्या अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’नेही हा पुरस्कार पटकावला होता.