गडाचा दरवाजा आणि शाळेचा पासवर्ड

सप्टेंबर २०२२. अमेरिकेत लेबर डेची जोडून सुट्टी. शनिवारी रात्री लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांच्या कॉम्प्युटर यंत्रणेत हॅकर घुसले. विद्यार्थी थोडेथोडके नाहीत, पाच लाखांवर! खंडणी मागितली, शाळांनी दिली नाही. महिन्याभरात सुमारे ५०० जीबी माहिती इंटरनेटवर टाकली गेली. पुढे कळलं की त्यात जवळपास २,००० विद्यार्थ्यांच्या मानसिक तपासणीचे अहवालही होते. पासवर्ड बदलता येतो हो, पण बाहेर फुटलेला असा अहवाल परत कसा घेणार?

कॉम्प्युटरच्या सुरक्षेची जुनी रीत तटबंदीची. बाहेर भिंत भक्कम, आणि एकदा आत आला की तो आपलाच माणूस. २०१० मध्ये फॉरेस्टर कंपनीच्या जॉन किंडरव्हॅग यांनी नेमकी हीच चूक दाखवली आणि 'झीरो ट्रस्ट' ही कल्पना मांडली. आत आहे म्हणून भरवसा नाही. दर वेळी ओळख तपासा आणि कामापुरतंच दार उघडा. २०२० मध्ये 'निस्ट' या अमेरिकी सरकारी संस्थेने त्याचा रीतसर आराखडा प्रसिद्ध केला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. शिवकाळात गड एकट्याच्या हाती नसे. हवालदार, सबनीस, सरनोबत, तिघे बरोबरीचे. एक फितला तरी गड जाऊ नये, एवढाच हिशोब.

धोका फक्त कॉम्प्युटरला नाही. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता!

आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'पॉवरस्कूल' या शाळांचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या अमेरिकी कंपनीत चोर शिरला तो चोरलेल्या एका लॉगिनने. ओटीपीसारखी दुसरी तपासणी त्या दारावर नव्हती. गुन्हा कबूल करणारा पोरगा १९ वर्षांचा. कंपनीने खंडणी भरली, तरी मे २०२५ मध्ये शाळांना पुन्हा धमक्या आल्याच.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. मागणी रास्तच होती. पण मुलांच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा भलत्याच माणसाला दिसू लागला तर?

म्हणून पुढच्या पालकसभेत एवढं विचारा:
१) कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलला का?
२) फुटेज कोण कोण पाहू शकतं, आणि कुणी पाहिलं याची नोंद राहते का?
३) कॅमेरे आणि मुलांचं रेकॉर्ड एकाच वायफायवर आहे का?
४) नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन बंद केले का?

यातल्या बहुतेक कामांना फार खर्च नाही, कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते. मुख्याध्यापकांवर संशय घेतोय असं वाटू देऊ नका. गडही एकट्या हवालदाराच्या भरवशावर नसे.

तुमच्या शाळेत काय उत्तर मिळालं ते खाली जरूर लिहा. फक्त शाळेचं नाव आणि पासवर्ड लिहू नका!