पेटीवरची बंदी आणि आपले कान

आज मी ज्या आकाशवाणीवरून आपल्याशी बोलतो आहे, तिथे एके काळी पेटीला मज्जाव होता. १ मार्च १९४० पासून १९७१ पर्यंत, म्हणजे तब्बल एकतीस वर्षे! ही हकिगत मी जुनी तक्रार उगाळण्यासाठी सांगत नाही. पेटी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी त्यातून काय घ्यावे, एवढेच मला पाहायचे आहे.

पेटी मूळची परदेशी. पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. तिचा भाता पायाने मारावा लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हातभात्याची पेटी बनवली आणि मांडी घालून बसणाऱ्यांच्या पुढ्यात ती आली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी तिला रुजवले, गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी प्रतिष्ठा दिली. आमच्या मराठवाड्यात पियानो फारसा कुणी पाहिलेला नाही. पण त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पेटीच्या रूपाने गावोगाव पोचल्या. लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले भजन असो, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातले कीर्तन असो की कंधारच्या दर्ग्यातली कव्वाली, पेटीवाचून अडतेच.

मग बंदी कशासाठी? आक्षेप दोन होते. पहिला, पट्ट्यांवर मींड निघत नाही. दुसरा अधिक खोल. पियानोप्रमाणे पेटीतही सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. तंबोरा छेडला की त्यातून जो गंधार आपोआप उमटतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार चढा असतो. अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने. फरक एवढासाच, पण सुरेल गळ्याला तो खुपतो. आकाशवाणीत काम करणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. पुढे लायनेल फील्डन प्रमुख असताना बंदी आली. तिला खुद्द रवींद्रनाथांचा पाठिंबा होता. तेव्हा हा केवळ साहेबी हट्ट म्हणता येणार नाही.

या आक्षेपाला महाराष्ट्राने दोन उत्तरे दिली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बंदीच्या कितीतरी आधी, १९११ च्या सुमारास, श्रुतींची पेटी करवून घेतली. म्हणजे दोष वाद्यात, तर वाद्यच सुधारा. दुसरे उत्तर वादकांनी दिले. आमच्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर साध्याच पेटीवर भीमसेनजींची साथ करीत. कुठला स्वर दाबायचा, कुठला नुसता स्पर्शून सोडायचा आणि कुठे गप्प बसायचे, हे त्यांचा कान ठरवी. १९७१ मध्ये बंदी सैल झाली तीही साथीपुरती, वरच्या श्रेणीच्या कलावंतांसाठी. एकल वादनाला तेव्हाही मुभा नव्हती.

माझा जन्म त्याच सुमाराचा. नांदेडला शाळकरी वयात मी पेटीची एक परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो. अलंकार तोंडपाठ, बोटे घोड्यासारखी धावत. त्याच उमेदीत एका बुवांच्या साथीला बसलो. गाता गाता बुवांनी आपला डावा हात माझ्या भात्यावर ठेवला आणि तो शेवटपर्यंत उचलला नाही. घरी येऊन मी रडलो. गुरुजींनी सारे ऐकून घेतले, पेटी बंद केली आणि माझ्या हाती तंबोरा दिला. म्हणाले, "बेटा, महिनाभर हाच ऐक. बोटं तयार आहेत तुझी, कान कच्चा आहे."

त्या महिन्यात मी जे शिकलो, ते परीक्षेच्या तयारीत राहून गेले होते. आज नांदेडला, लातूरला मुले उत्साहाने पेटी आणि कीबोर्ड शिकायला जातात. आईवडील विचारतात, "परीक्षा कधी?" विचारायला हरकत नाही. पण सोबत एवढेही विचारावे, की शिकवणीत तंबोरा लागतो का? मुलाला कुणा गाणाऱ्याच्या मागे बसवता का? दर्जा वाढवायचा असेल तर सुरुवात इथून करावी लागेल.

बंदी उठली, बरेच झाले. पण तिने घेतलेला आक्षेप कागदाच्या हुकमाने मिटणारा नव्हता. तो प्रत्येक शिकणाऱ्याला आपापल्या कानाने मिटवावा लागतो.