निवडणुकींतील जय आणि लोकमताचा पालट

निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे जिंकलेला पक्ष म्हणतो कीं, लोकांनीं आमचीं तत्त्वें मान्य केलीं. हरलेला पक्ष म्हणतो कीं, लोक क्षणभर भुलले. दोघांचेंही बोलणें त्यांच्या सोयीचें असतें, आणि तें तेव्हांच खोडून काढणेंही अवघड असतें. कारण मतदार उमेदवाराच्या नांवापुढें खूण करतो. ती कां केली, हें कांहीं तो मतपत्रिकेवर लिहीत नाहीं. ती रागानें केली, आशेनें केली, कीं विचार पालटल्यामुळें केली, हें पेटींतून निघालेल्या कागदावरून कळावयाचें नाहीं. मग लोकांच्या राजकीय निष्ठा खरोखर बदलल्या, हें ओळखावें तरी कशावरून? या प्रश्नाचा विचार करतांना इंग्लंडांतील १९४५ व १९५१ या दोन निवडणुका एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्या, असें आम्हांस वाटतें.

५ जुलै १९४५ रोजीं मतदान झालें. दूरदेशीं असलेल्या सैनिकांचीं मतें यावयाचीं असल्यामुळें पेट्या तीन आठवडे बंद राहिल्या आणि २६ जुलैला निकाल बाहेर पडला. युद्धांत राष्ट्राचें नेतृत्व करणारे मुख्य प्रधान चर्चिल हे पॉट्सडॅमची परिषद अर्ध्यावर सोडून निकालासाठीं घरीं आले होते. परिषदेस मुख्य प्रधान म्हणून परत गेले ते मजूर पक्षाचे ॲटली. ६४० जागांपैकीं ३९३ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. त्यापूर्वींच्या, म्हणजे १९३५ च्या, निवडणुकींत त्याच पक्षाच्या पदरांत अवघ्या १५४ जागा पडल्या होत्या. कित्येकांना हा इंग्रज मतदारांचा निव्वळ कृतघ्नपणा वाटला.

परंतु हा पालट एका रात्रींत झालेला नव्हता. १९३० नंतरच्या दशकांतील बेकारी लोक विसरले नव्हते. युद्धकाळांत शिधापत्रिकेनें श्रीमंत व गरीब यांना एका मापानें अन्न मिळालें, आणि संकटांत जें साधलें तें शांततेंत कां साधूं नये, असें लोक विचारूं लागले. डिसेंबर १९४२ मध्यें सामाजिक विम्यासंबंधींचा बेव्हरिजसाहेबांचा अहवाल निघाला, आणि सरकारी अहवाल असूनही तो लाखोंनीं खपला. मोठ्या पक्षांनीं आपसांत पोटनिवडणुका न लढविण्याचा करार केला होता. तरी ‘कॉमन वेल्थ’ नांवाच्या नव्या लहानशा पक्षानें तीन जागा सरकारपक्षाकडून हिसकून घेतल्या. १९४३ पासून गॅलपची लोकमतचांचणीही मजूर पक्षच पुढें असल्याचें दाखवीत होती. पण मुत्सद्द्यांनीं तिच्याकडे लक्ष दिलें नाहीं. शिवाय दहा वर्षें सार्वत्रिक निवडणूक झालेली नसल्यामुळें तिशीच्या आंतील प्रत्येक मतदार अशा निवडणुकींत प्रथमच मत देत होता. तेव्हां लोकमताचा पालट म्हणजे जुन्या माणसांनीं मन बदलणें एवढेंच नव्हे. नवी पिढी मतदारयादींत येणें, हाही त्याचाच एक प्रकार होय.

असें असलें, तरी जागांच्या आंकड्यानें दिपून जाऊं नये. मजूर पक्षाला १९३५ सालीं शेंकडा ३८ मतें मिळालीं होतीं, १९४५ सालीं तीं ४८ च्या आसपास गेलीं. म्हणजे निव्वळ हिशेब केला, तर शंभरांमागें सुमारें दहा मतांचा फरक पडला, आणि तेवढ्यानें पक्षाच्या जागा अडीचपट झाल्या. ज्या मतदारसंघांत एका मतानेंही जागा जिंकतां किंवा हरतां येते, तेथें सभासदांची संख्या हें लोकमताचें माप नव्हे. ती त्याची फुगलेली सावली असते.

या निकालाचा आपल्या देशाशीं निकटचा संबंध आला. भारतमंत्री एमरी हे बर्मिंगहॅममध्यें स्वतःच पडले, आणि दोन वर्षांनीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला. त्यामुळें इंग्रज मतदारांनीं साम्राज्याचा मोह सोडून हा कौल दिला, असें मानण्याचा मोह आपल्याला होतो. परंतु मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यांत हिंदुस्थानचा निर्देश ओझरताच होता. मतदारांपुढें प्रश्न होते ते घराचे, नोकरीचे व औषधपाण्याचे. कौल एका गोष्टीसाठीं दिला जातो आणि त्याचें फळ दुसऱ्याच गोष्टींत दिसतें, हेंही इतिहासांत नवें नाहीं.

पुढील सहा वर्षांत मजूर सरकारनें सामाजिक विम्याचा कायदा केला, कोळशाच्या खाणी व आगगाड्या राष्ट्राच्या मालकीच्या केल्या, आणि ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. पण याच काळांत युद्धांतही मोकळ्या असलेल्या पावावर नियंत्रण आलें, १९४७ च्या हिंवाळ्यांत कोळसा पुरेना, आणि १९४९ मध्यें पौंडाची किंमत उतरवावी लागली. ऑक्टोबर १९५१ मध्यें हुजूर पक्षाला ३२१ व मजूर पक्षाला २९५ जागा मिळाल्या आणि शहात्तर वर्षांचे चर्चिल पुन्हां मुख्य प्रधान झाले. लोकांचा भ्रम फिटला, असें म्हणावयास ही जागा उत्तम होती. पण मतें पाहिलीं तर मजूर पक्षाला सुमारें १ कोटि ३९ लक्ष आणि हुजूर पक्षाला सुमारें १ कोटि ३७ लक्ष! १९४५ सालच्या विजयाच्या वेळीं मजूर पक्षाचीं मतें १ कोटि २० लक्षांच्या आंतच होतीं. म्हणजे जिंकला तेव्हां त्याला मतें कमी होतीं, आणि हरला तेव्हां अधिक!

तेव्हां १९४५ चें परिवर्तन खरें कीं खोटें, याची कसोटी जयांत नाहीं आणि पराजयांतही नाहीं. ती विरोधकांच्या पुढील वर्तनांत आहे. आरोग्यसेवेचें विधेयक १९४६ सालीं आलें, तेव्हां हुजूर पक्षानें त्याविरुद्ध मत दिलें होतें. पण सत्ता हातीं आल्यावर त्यानें ती सेवा मोडली नाहीं, विमा काढून घेतला नाहीं, खाणी व आगगाड्याही परत केल्या नाहींत. पोलादाचे कारखाने व मालमोटारींची वाहतूक मात्र १९५३ च्या कायद्यांनीं खासगी मालकीकडे वळविण्यास आरंभ केला. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत त्याच पक्षानें खाणी व आगगाड्याही विकल्या. परंतु आजाऱ्यानें वैद्याच्या दारीं पैशाच्या चिंतेनें अडूं नये, हें तत्त्व उघडपणें मोडण्याचें धाडस त्याला तेव्हांही झालें नाहीं. यावरून मतदारांनीं मजूर पक्षाचा ग्रंथ सबंध स्वीकारला नव्हता, हें उघड आहे. त्यांतला एक अध्याय त्यांनीं पाठ केला, आणि बाकीचे चाळून बाजूला ठेवले.

आमचें म्हणणें असें कीं, खरें मतांतर तेंच, जें प्रतिपक्षालाही बाळगावें लागतें. मग तो तें मनापासून बाळगो, कीं मतें जातील या भयानें बाळगो. पराभवानंतर ‘लोक भुलले’ असें म्हणत हुजूर पक्ष बसून राहिला नाहीं. १९४७ सालीं त्यानें आपलें औद्योगिक धोरण नव्यानें मांडलें आणि काळाशीं जुळवून घेतलें. तो सहा वर्षांत परत आला, याचें मोठें कारण हेंच होय. उलट, जो विजेता जागांच्या राशीला लोकांचें हृदय समजतो, तो लोकांनीं न मागितलेलें त्यांच्या नांवानें करूं लागतो, आणि जो पराभूत मतदारांना मूर्ख ठरवितो, तो कांहींच शिकत नाहीं. दोघांच्याही चुकीचें मोल शेवटीं मतदारालाच द्यावें लागतें. म्हणून निकालाच्या दिवशीं नगारे वाजतात, तेव्हां सुज्ञांनीं घाई करूं नये. विजेता काय म्हणतो तें ऐकावें; आणि उद्यां प्रतिपक्षाच्या हातीं राज्य आलें तर तो कशाला हात लावणार नाहीं, हें पाहावें. लोकमत खरोखर किती पालटलें, तें तेथें दिसेल.