डुकराच्या आधी पोहोचणारा कागद

माझी मावसबहीण इंग्लंडात सफक परगण्यात राहते. घरामागच्या वाडीत दोन डुकरं पाळायचं तिनं ठरवलं, तेव्हा एकदा फोनवर सहज म्हणाली, "अगं, डुकरांचा परवाना आलाय, डुकरं अजून यायचीत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कागद आधी, जनावर मागून. आणि त्या कागदाला तिनं, वीस वर्षं तिकडे राहूनही, 'परवाना' म्हटलं. मी शब्दाचं मूळ बघायला बसले आणि जे हाती लागलं त्यानं माझे पुढचे कित्येक महिने खाल्ले. या शब्दाच्या पोटात एक जनावर बसलेलं आहे. सिंहाच्या पुढे ओरडत धावणारं जनावर.

आधी कागदाचं सांगते. तिकडे डुक्कर आणण्यापूर्वी जमिनीला सरकारी नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. एक डुक्कर असो की हजार, अंगणातलं लाडकं डुक्कर असो की कत्तलखान्याकडे निघालेलं, नियम तोच. डुक्कर एका जागेहून दुसऱ्या जागी निघण्याआधी त्याची खबर सरकारदरबारी द्यायची, पोहोचल्यावर घेणाऱ्यानं पोच द्यायची. नवं डुक्कर आलं की, काही अपवाद सोडले तर, त्या जागेवरून वीस दिवस कुठलंही डुक्कर बाहेर हलवायचं नाही. घरच्या स्वयंपाकघरातली उरलेली पोळीसुद्धा त्यांना घालायची नाही, तो गुन्हा आहे. पाळीव डुकराला दोरी बांधून फिरायला न्यायचं तर त्याचाही वेगळा परवाना, ठरलेल्या वाटेसह. ती वाट जनावरांच्या बाजारावरून, दुसऱ्या डुक्करवाड्यावरून किंवा खाण्याच्या टपऱ्यांवरून गेली तर परवाना नाकारतात. टपरीचं भय कशाचं? कुणी टाकलेल्या सँडविचात हॅमचा तुकडा असेल तर त्याचं. आफ्रिकन स्वाइन फीवरचा विषाणू खारवलेल्या मांसातही महिनोन्महिने तग धरतो. १९५७ साली हा रोग आफ्रिकेबाहेर प्रथम पोर्तुगालात उतरला, तो लिस्बन विमानतळाजवळच्या डुकरांना विमानातलं उष्टं घातल्यामुळे, असं मानतात.

आता शब्द. परवाना फारसीतून आला यात वाद नाही. परवानगी त्याचीच लेक. राज्यव्यवहारकोशानं फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देऊन पाहिले, पण बंदुकीच्या, दारूच्या, वाहन चालवण्याच्या कागदाला आपण आजही परवानाच म्हणतो. वाद आहे तो फारसीत हा शब्द कुठून आला याचा. कारण फारसीत परवाना म्हणजे हुकूमपत्र, आणि परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंगही. उर्दू गझलेतला शमा-परवाना तो हाच.

बहुतेकांना पतंगाची कथा आवडते. दिव्याभोवती जसा पतंग तसा बादशहाभोवती हुजऱ्या. तो हुकूम घेऊन बाहेर पडतो, म्हणून हुजऱ्याचं नाव परवाना आणि पुढे त्याच्या हातातल्या कागदाचंही. दुसरा पक्ष 'पर' म्हणजे पंख इथून निघतो: पिसासारखा हलका, उडत जाणारा कागद. दोन्ही कथा देखण्या आहेत. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिली अडचण पतंगाच्या स्वभावाची. पतंग दिव्याकडे जातो आणि तिथेच जळतो. हुकूम घेऊन निघालेला माणूस दरबारापासून दूर जातो, आणि त्यानं परत येणं अपेक्षित असतं. दिशाच उलटी. दुसरी अडचण काळाची. इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत 'परवानग' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ वाटाड्या, पुढे चालणारा. अरबांनी तो उचलला तेव्हा त्याचा 'फुरानिक' झाला. या फुरानिकचे अरबी कोशांत दोन अर्थ मिळतात. एक, टपालाच्या घोडेस्वारांना वाट दाखवणारा. दुसरा, सिंहाच्या पुढे धावत इतर जनावरांना सावध करणारा प्राणी.

आणि इथे दख्खन येते. गोवळकोंड्याला अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळात, १६५२च्या सुमारास, मुहम्मद हुसेन तबरेझी यानं 'बुरहान-इ-काती' नावाचा फारसी कोश रचला. त्यात 'परवानक' आहे: सिंहाच्या पुढे ओरडत जाणारं जनावर, त्याचा आवाज ऐकून बाकीची जनावरं बाजूला होतात, आणि ते सिंहाचं उरलेलं खातं. हे जनावर म्हणजे स्याहगोश, काळ्या कानांचं रानमांजर, आपला शशकर्ण, असंही कोशकार सांगतात. शशकर्ण प्रत्यक्षात असं काही करत नाही. पण समजूत आपल्याला परकी नाही. वाघ जवळपास असला की भालू ओरडते, असं आपल्याकडे रानातली माणसं सांगतात. भालू म्हणजे म्हातारी कोल्ही. जनावर वेगळं, काम तेच.

माझं म्हणणं असं की शब्दाचा मूळ अर्थ 'पुढे जाऊन खबर देणारा' हाच. तो टपालाच्या वाटाड्याला लागला, सिंहाच्या चोपदाराला लागला, मग सेल्जुक सुलतानांच्या कोन्या शहरात, आजच्या तुर्कस्तानात, एका बड्या अधिकाऱ्याचं पदनाम झाला. तिथला मुईनुद्दीन सुलेमान इतिहासात 'परवाना' म्हणूनच ओळखला जातो; १२७७ साली मंगोलांनी त्याला मारलं. माणसाकडून कागदाकडे हा शब्द शेवटी सरकला. पतंग या नावाला योगायोगानं येऊन चिकटला असावा, किंवा तो दुसराच शब्द असून उच्चार सारखा झाला असावा. पतंगवाद्यांना मी एकच विचारते: तुमचा पतंग टपालाच्या घोड्यापुढे कसा धावला?

कागदाचं कूळ मात्र फारसी नाही. ते भूमध्य समुद्रावरचं आहे. १३७७ साली रागुसानं, म्हणजे आजच्या डुब्रोवनिकनं, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. तिसाचे चाळीस झाले आणि 'क्वारंटाईन' शब्द निघाला. चाळीसच का, यावर ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपासाकडे बोट दाखवणारे आहेत आणि ग्रीक वैद्यांच्या दिनगणनेकडेही. मला उपासाची बाजू जड वाटते, कारण आकडा ठरवणारे वैद्य नव्हते, नगरशेट होते. सफकच्या वीस दिवसांत चाळिसाचं अर्ध शोधण्याचा मोह मलाही झाला होता. पण तो हिशेब वेगळा असणार. लाळ्या-खुरकुताची लक्षणं दिसायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात, आफ्रिकन स्वाइन फीवरसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत पंधरा धरतात. वीस दिवसांत दोन्ही बसतात.

इटलीच्या बंदरांत गलबताला निघण्याच्या गावाकडून पत्र मिळे. गाव निरोगी असेल तर 'पातेंते नेत्ता', नितळ पत्र. रोग असेल तर 'ब्रुत्ता', मळकं पत्र. पत्र माणसाच्या प्रकृतीचं नव्हतं, तो जिथून निघाला त्या जागेचं होतं. डुकराच्या कागदात नेमकी हीच गोष्ट उतरली आहे: क्रमांक आधी जमिनीला मिळतो, डुकराला नाही.

काही मित्र इथे मला अर्थशास्त्र दाखवतात. कौटिल्याचा मुद्राध्यक्ष एक माषक घेऊन शिक्क्याचा परवाना देतो, बिनशिक्क्याच्या माणसाला बारा पण दंड करतो. गोअध्यक्ष गुरांच्या अंगावरची खूण, रंग आणि शिंगांतला फरक लिहून ठेवतो. मग पहिला मान आपला नाही का? मला ते पान फार प्रिय आहे. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा पूर्वज तिथे नक्की सापडतो. पण तो शिक्का हेराला आणि शत्रूला अडवायला होता, ती नोंद चोरी पकडायला आणि राजाचं धन मोजायला. साथीचा धागा त्यात नाही.

माणसाकडून गुरांकडे ही पद्धत इटलीतच वळली. १७११ साली बुळकांडीनं तिथली गुरं पटापट मरू लागली. पोपचा वैद्य लान्चिसी यानं आजारी गुरं मारणं, चुन्यात पुरणं आणि गुरांची ये-जा रोखणं असा उपाय सांगितला. १८६५ला हीच बुळकांडी बाल्टिक समुद्रावरून हलच्या बंदरात उतरलेल्या गुरांबरोबर इंग्लंडात शिरली, १८६६ला कायदा आला, आणि पुढच्या काही वर्षांत डुकरांचा ताप त्याच पंक्तीत बसला. आपल्या मुंबईच्या प्लेगमुळे १८९७ला व्हेनिसमध्ये देशोदेशींची परिषद भरली, ती मात्र पुन्हा माणसांच्या पत्रांसाठी.

कागद मागे राहिला तर काय होतं ते २००१नं दाखवलं. फेब्रुवारीत एसेक्समधल्या कत्तलखान्यात डुकरांना लाळ्या-खुरकूत दिसलं. माग काढत गेले तो थेट उत्तरेला, हेडन-ऑन-द-वॉलच्या डुक्करवाड्यापाशी पोहोचला. तिथे डुकरांना खरकटं घालत. पण तोवर शेजारच्या मेंढ्यांना लागण होऊन त्या बाजारांतून देशभर विकल्या गेल्या होत्या. सिंह आधी गेला, परवानक घरीच राहिला. साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. खरकट्यावरची बंदी त्यानंतरची.

आपल्याकडेही दोर तोच आहे. डुकरं रेल्वेनं किंवा ट्रकनं न्यायची तर पशुवैद्याचा दाखला लागतो, नसेल तर वाहतूकदारानं माल नाकारायचा. २००९च्या कायद्यानं रोगाच्या काळात नाके आणि विलगीकरण छावण्या उभारण्याची सोय केली. २०२०ला आफ्रिकन स्वाइन फीवर आसाम आणि अरुणाचलात आला, तेव्हा वाहतूक थांबवणं आणि बाधित डुकरं मारणं यापलीकडे हातात काही नव्हतं. औषध नाही, आणि तेव्हा मंजूर लसही नव्हती. त्या ईशान्येतल्या घरांत डुक्कर म्हणजे लेकीच्या लग्नाची, दवाखान्याची पुंजी असते. नाक्यावरच्या त्या कागदाला मी म्हणूनच कटकट म्हणू शकत नाही.

बहिणीची डुकरं शेवटी एका शनिवारी आली. पोच तिनं संध्याकाळच्या आत दिली. आता भिंतीवर दिनदर्शिका टांगून ती एकेक दिवस खोडते आहे. काल बारावा होता.