जबलपूरची जोंगा

जुन्या मोटारींचे भोक्ते शर्यतींच्या आठवणी काढतात, तेव्हा डिसेंबर १९०४ मधील दिल्ली-मुंबई मोटारदौड आणि संस्थानिकांच्या झगझगीत गाड्या यांचाच गौरव होतो. त्याच वर्षी जबलपुरास तोफगाड्यांचा कारखाना निघाला, हे मात्र सांगावे लागते. पुढे या नगरीत जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने लष्करासाठी ‘जोंगा’ घडू लागली; तिच्या इंग्रजी नावातील पहिले अक्षर जबलपूरचे. सहा सिलिंडरांचे तिचे यंत्र पेट्रोल अधाशासारखे पिई, ही गोष्ट वेगळी! शर्यतीसाठी ती जन्मली नव्हती. सैनिकांना दुर्गम वाटांवरून नेणे हे तिचे काम. तिला मेळाव्यात मागच्या रांगेत उभे करणे मला अन्यायाचे वाटते. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. लिलावात निघालेल्या जोंगा हौशी मंडळींनी आवडीने घरी नेल्या.