आजीव सदस्य परंपरा

आजीव सदस्य परंपरा ही पुण्यातील खाजगी शिक्षणसंस्थांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली सेवापद्धती आहे. या पद्धतीत शिक्षक निर्वाहापुरत्या वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्यास बांधून घेत आणि संस्थेचा कारभारही स्वतःच पाहत. संन्यस्त वृत्ती व गृहस्थाश्रम यांची सांगड घालणाऱ्या या पद्धतीचा मराठी मध्यमवर्गाच्या पैशाविषयीच्या धारणांवर प्रभाव पडला.

उगम

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधव बल्लाळ नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. त्यापूर्वी चिपळूणकरांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला होता. पुढे गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी दरमहा ७५ रुपये वेतनावर २० वर्षे सेवा करावी, असा प्रघात पडला.

वेतनाचा वाद

सदस्यांनी जेसुइट धर्मगुरूंप्रमाणे निर्वाहवेतनावर समाधान मानावे आणि बाहेरून अर्थार्जन करू नये, असा टिळकांचा आग्रह होता. आगरकर व त्यांच्या सहकाऱ्यांना संसाराच्या वाढत्या गरजा आणि फावल्या वेळेवरील सदस्याचा हक्क महत्त्वाचा वाटे. इतर मतभेदांची भर पडून हा वाद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला.

आध्यात्मिक रूप

सोसायटीचे आजीव सदस्य असलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाजाची स्थापना केली. सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान हवे, अशी त्यांची भूमिका होती. स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती न घालवण्याची शपथ समाजाच्या सदस्यांना घ्यावी लागे. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी १९०८ मध्ये स्त्रीशिक्षणाच्या कार्यासाठी निष्काम कर्म मठ स्थापला. त्याच्या नावातच गीतेतील कल्पना होती. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत उपासना व देशकार्य यांची सांगड घालण्यात आली.

प्रभाव आणि मर्यादा

या परंपरेमुळे साधी राहणी ही केवळ नाइलाजाची गोष्ट न राहता प्रतिष्ठेची खूण ठरली. सार्वजनिक पैशाचा चोख हिशेब ठेवणे हा सद्गुण मानला गेला. त्याचबरोबर स्वतःच्या वेतनाबद्दल उघडपणे बोलणे अनेकांना संकोचाचे वाटू लागले.

त्यागाचा भार मात्र केवळ व्रत घेणाऱ्यावर पडत नसे. कर्वे यांनी आपल्या आयुर्विम्याची रक्कमही आश्रमाला देऊ केली होती. अशा निर्णयांची झळ घराला कशी बसे, हे त्यांच्या पत्नी आनंदीबाई (बाया) कर्वे यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रातून दिसते.

सरकारी अनुदान व वेतनश्रेणी लागू झाल्यानंतर निर्वाहवेतनाची अट मागे पडली. ‘आजीव सदस्य’ ही संज्ञा मात्र काही संस्थांच्या कारभारात टिकून आहे.