आई नजरेआड होते तेव्हा

बालवाडीच्या दारात आईचा पदर घट्ट धरून रडणारे मूल तुम्ही पाहिले असेल. कदाचित ते तुमचेच असेल! शेजारचे कुणी हळूच सुचवते, “अहो, गुपचूप निघा तुम्ही. दोन मिनिटांत विसरेल तो.” आई निघते, थोड्या वेळाने मूल गप्पही होते. पण ते खरोखर विसरते का? या प्रश्नाचे उत्तर मिळायला एक महायुद्ध व्हावे लागले. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१ सप्टेंबर १९३९. बॉम्ब पडतील या भीतीने लंडन व इतर मोठ्या शहरांतील मुलांना आगगाड्यांत बसवून खेड्यापाड्यांत पाठवणे सुरू झाले. लाखो शाळकरी मुले आईबापांवाचून गेली. त्याच डिसेंबरात बोल्बी, मिलर व विनिकॉट या तीन डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ला पत्र लिहून बजावले, की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना आईपासून तोडणे हाही एक धोकाच आहे.

लंडनमध्येच अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी युद्धकाळात एक बालगृह चालवीत होत्या. त्यांना दिसले ते असे: आई जवळ असली तर मूल बॉम्बचा आवाजही सोसते; धसका घेते ते घर सुटल्याचा. मग त्यांनी मुलांचे लहान लहान गट केले आणि प्रत्येक गटाला एक ठराविक बाई दिली. आधी हेवेदावे झाले, पण पुढे मुले सावरली.

याच बालगृहात काम केलेल्या जेम्स रॉबर्टसनने पुढे एक चित्रपट काढला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहिलेली अडीच वर्षांची मुलगी, एवढाच त्याचा विषय. १९५२ साली तो डॉक्टरांना दाखवला, तेव्हा पुष्कळजण रागावले. त्या काळी इस्पितळांतला समज असा, की आईबाप भेटायला आले की मुले रडतात, म्हणून भेटीच कमी कराव्यात! रॉबर्टसनचे म्हणणे उलट होते. मूल आधी आक्रोश करते, मग खचते, आणि शेवटी अलिप्त होते. गप्प झालेले मूल शांत झालेले असतेच असे नाही. चित्रपटातली ती मुलगी घरी निघाली, तेव्हा तिने आईचा हात धरला नाही. १९५९ साली प्लॅट समितीने आईबापांना मोकळेपणी भेटू द्यावे, लहान मुलाजवळ आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली.

आता आपल्या दाराकडे वळू या. आठव्या महिन्याच्या सुमारास सुरू होणारी ही भीती वाढीचाच भाग आहे. ते लाडावल्याचे लक्षण नव्हे. गुपचूप पळू नका. सांगून निघा, पण निरोप लांबवू नका. “चार वाजता येते” हे त्याला कसे कळणार? “खाऊ खाऊन झाला की येते” म्हणा, आणि खरोखर या. आधी थोडा वेळ, मग जास्त, अशी सवय लावा. सोबत त्याची आवडती गोधडी द्या. महिनाभरानंतरही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

मुलाला घड्याळ कळत नाही. पण दिलेला शब्द आईने पाळला की नाही, हे मात्र त्याला पक्के कळते.